मधुमेह असलेल्यानं मेक्सिकन हॉटेलात जावं का? माझं मत : जावं, पण विचारून मागवावं

जुळेकरीण | रविवार, रात्री ९.१०

मागच्या रविवारी माझ्या लेकीचा चौदावा वाढदिवस झाला. तिला मेक्सिकन खायचं होतं, म्हणून इथं सोलापुरातच एका हॉटेलात घरचे सगळे गेलो. बाबाही आले. बाबा ६८ वर्षांचे, अकरा वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू. बसल्या बसल्या त्यांनी मेन्यू मिटून ठेवला. "मला काही मागवू नका, मी घरी जाऊन भाकरी खातो." लेकीचं तोंड एवढंसं झालं. मग तिचं मन राखायला त्यांनी पिवळ्या चीज सॉससकट नाचोज, म्हणजे मक्याचे तळलेले चिप्स, खाल्ले, अर्धा बरिटो खाल्ला आणि वर मोठा ग्लास भरून गोड सोडा घेतला. दोन तासांनी मीटरवर २८७.

तेव्हापासून घरात दोन तट आहेत. भाऊ म्हणतो, बाबांना असल्या ठिकाणी परत न्यायचंच नाही. मी आठवडाभर वाचतेय, विचार करतेय, आणि माझं मत उलट झालंय. न्यायचं. ऑर्डर आमची चुकली होती.

आम्ही काय मागवलं ते बघा. तळलेले नाचोज, मैद्याच्या मोठ्या पोळीत भात भरलेला बरिटो, वर चीज आणि मेयोनीज, प्यायला साखरेचं पाणी. मैदा, भात आणि साखर एकाच जेवणात. मेक्सिकोतलं घरचं रोजचं जेवण असं नसतं. तिथं मका, घेवड्याच्या बिया, भोपळा, मिरची, टोमॅटो हा पाया आहे. मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात लावतात, त्या शेताला मिल्पा म्हणतात. मक्याच्या धाटावर घेवडा चढतो, भोपळ्याची पानं खालची जमीन झाकून ओल धरतात. आपल्याकडे ज्वारीत तुरीचे पाटे घालतात, तसंच. धान्य आणि डाळ ताटात एकत्र येतात ती रानातूनच. ही स्वयंपाकाची परंपरा युनेस्कोनं २०१० साली वारशाच्या यादीत घेतली.

म्हणून पुढच्या वेळी आमचं असं ठरलंय : मक्याच्या लहान पोळीचे दोन टाको, आत राजमा किंवा भाजलेलं चिकन, भरपूर कांदा-टोमॅटोचा साल्सा, चीज वेगळ्या वाटीत, सोड्याऐवजी लिंबूपाणी बिनसाखरेचं. तुम्हाला काय वाटतं? अनुभव असेल तर जरूर लिहा.

पार्कचौक | रविवार, रात्री ९.४२

ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. वर्षातून एकदा नातीचा वाढदिवस. त्या दिवशीही म्हाताऱ्या माणसानं वाटी वेगळी, पोळी लहान, भात कमी, असं मोजत बसायचं? माझे वडील गेले त्याआधीची पाच वर्षं आम्ही त्यांना असंच मोजून वाढलं. सगळं बरोबर केलं, पण जेवायला बसताना ते खाली मान घालून बसायचे. ते आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एका जेवणानं मधुमेह बिघडत नाही, रोजच्या ३६४ दिवसांनी बिघडतो. रोज नीट राहा आणि त्या दिवशी माणसाला माणसासारखं खाऊ द्या.

शेंगाचटणी | रविवार, रात्री ९.५५

आधी मला एवढंच सांगा, हे मेक्सिकन हवंच कशाला? घरात ज्वारीची भाकरी केली की आजची मुलं नाक मुरडतात. तीच मुलं बाहेर जाऊन मक्याची भाकरी, घेवड्याची उसळ आणि टोमॅटोची कोशिंबीर चारशे रुपयांना खातात. कडक भाकरी, शेंगा चटणी, वर दही आणि कच्चा कांदा. यापेक्षा पौष्टिक ताट मला दाखवा. चाळीस वर्षं मी भाकरी थापतेय, आमच्या घरी साखर कुणाला नाही.

जुळेकरीण | रविवार, रात्री १०.०५

काकू, भाकरीला मी नावं ठेवतच नाही. आठवड्यातले सहा दिवस आमच्याकडे भाकरीच असते. पण तुमच्या शेंगा चटणीतली लाल मिरची कुठली? ती मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. मका, टोमॅटो, पेरू, पपई, सगळी तिकडच्या खंडातली. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. परकं म्हणून बाजूला सारायचं ठरवलं तर सोलापूरचं ताट निम्मं रिकामं होईल.

ताट_आणि_तपासणी | रविवार, रात्री १०.३०

मी आहारतज्ज्ञ आहे, मधुमेहाचे रुग्ण रोज बघते. दोघांच्याही मुद्द्यांवर बोलते.

पार्कचौक दादा, एका जेवणानं मधुमेह बिघडत नाही हे खरं. पण ज्याला रक्तदाब आहे त्याला एकाच जेवणात मिठाचा मारा झाला की दुसऱ्या दिवशी पायावर सूज दिसू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची, म्हणजे साधारण एक चमचा. चीज सॉस, खारे नाचोज आणि बाटलीतला सॉस एका बैठकीत आले की बराचसा वाटा तिथंच संपतो. जुळेकरीण ताईंनी साखर मोजली, मीठ मोजलं नाही. त्यांच्या नव्या ऑर्डरमध्येही मीठ राहिलंच आहे. टाकोत भरायचा राजमा डब्यातला असेल तर तो खाऱ्या पाण्यातला असतो. धुऊन घेतला की मीठ कमी होतं, हे हॉटेलवाल्याला सांगायला हरकत नाही.

आता उष्मांक. मैद्याची बारा इंची पोळी एकटीच ३०० च्या आसपास जाते. मक्याची सहा इंची पोळी ५०-६० ची. भात, चीज, क्रीम घालून केलेला पूर्ण बरिटो सहज हजाराच्या घरात जातो. शंभर ग्रॅम तळलेल्या नाचोजमध्ये ५०० च्या आसपास उष्मांक असतात. उलट शंभर ग्रॅम साल्सामध्ये तीसेक. म्हणजे नाचोज आणि साल्सा एकाच टोपलीत येतात, पण हात कशाकडे जातो त्यावर सगळं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी कुणीच लिहिली नाही. वडील जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील तर ते हॉटेलात पोचण्याआधी घेऊ नका. रविवारी रात्री होटगी रोडला टेबल मिळायला अर्धा तास लागतो, ताट यायला आणखी अर्धा. गोळी पोटात आणि अन्न नाही, अशा वेळी साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो. २८७ पेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. आपल्या गोळीची वेळ डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

जेवताना आधी राजमा, सॅलड, चिकन, पनीर खावं आणि पोळी-भात नंतर. या क्रमानं जेवल्यावर साखर हळू चढते. जेवून झाल्यावर पंधरा मिनिटं चाला. गाडी लांब लावली तरी चालणं होतं.

शेंगाचटणी काकू, भाकरी उत्तम. पण शेंगा चटणीबद्दल थोडं जपून. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात ५६० च्या वर उष्मांक आणि जवळपास निम्मं तेल. तेल चांगल्या जातीचं आहे, पण दोन मोठे चमचे चटणी म्हणजे दीडशेच्या पुढं गेलो, आणि आपल्याकडे चटणी दोन चमच्यांवर थांबत नाही.

शेंगाचटणी | रविवार, रात्री १०.४१

चटणी भाकरीबरोबर थोडी तोंडी लावायची असते, वाटीनं खायची नसते. आमच्या सासूबाई चिमटीनं वाढायच्या. तेवढं तुमचं बरोबर आहे.

टेक्सासातला_सोलापूरकर | सोमवार, सकाळी ७.१५

मी अशोक चौकातला, नऊ वर्षं टेक्सासमध्ये आहे. इथं जे खातात त्याला टेक्समेक्स, म्हणजे टेक्सासच्या वळणाचं मेक्सिकन, म्हणतात, आणि सोलापुरात पोचलंय ते हेच. नाचोज १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पिएद्रास नेग्रास या सरहद्दीवरच्या गावात इग्नासिओ आनाया नावाच्या माणसानं केले असं मानतात. इग्नासिओला लाडानं नाचो म्हणतात, म्हणून ते नाव. पाहुणे आले, जे होतं त्यावर चीज टाकून दिलं. तो घाईतला खाऊ होता. आपण त्याला जेवण करून टाकलं.

माझ्या शेजारची बाई मेक्सिकोच्या वाहाका भागातली. तिच्या घरी मी जेवलोय. मातीच्या तव्याला ते कोमाल म्हणतात. दगडी पाटा आहे, वरवंटा आहे, साल्सा वाटायला दगडी खल आहे. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात गेल्यासारखं वाटलं. घेवडा मडक्यात नुसता कांदा-लसूण घालून शिजवते, त्याच्या पाण्यासकट वाढते. चीज चिमूटभर, वरून भुरभुरून. उरलेल्या पोळ्या शिळ्या झाल्या की तुकडे करून मिरचीच्या रश्श्यात परततात, आपली फोडणीची भाकरीच.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा. इकडे परतून घोटलेला घेवडा मिळतो, त्यात जुन्या पद्धतीनं डुकराची चरबी घालतात. परदेशात आलात तर विचारल्याशिवाय खाऊ नका. मडक्यातला घेवडा मागा, आणि तोसुद्धा विचारूनच.

आणि मेक्सिकोचा सगळाच आदर्श घेऊ नका. तिथल्या प्रौढांत तीनातला एक जण लठ्ठ आहे. गोड पेयांनी त्या देशाचं फार नुकसान केलं. म्हणून २०१४ च्या जानेवारीपासून त्यांनी गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. २०२० च्या ऑक्टोबरपासून पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के येतात : साखर जास्त, मीठ जास्त, उष्मांक जास्त. २०२५ च्या मार्चपासून शाळांत असलं खाणं विकायला बंदी आहे. ताईंच्या बाबांनी जे प्यायलं त्याच्याशी तो अख्खा देश झगडतोय. माझ्या हिशेबानं त्या २८७ मध्ये सोड्याचा वाटा मोठा आहे.

गल्लीतलं_कॅफे | सोमवार, दुपारी ३.२०

मी सोलापुरातच छोटं कॅफे चालवतो, मेन्यूत मेक्सिकन आहे. नाव सांगत नाही, जाहिरात करायची नाही. पण ताईंचा धागा वाचून आतली बाजू सांगावीशी वाटली.

सुरुवातीला आम्ही मक्याच्या पोळ्या हातानं करायचो, रात्री राजमा भिजत घालायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "चीज कुठाय?" घास उचलला की तार ओढली गेली पाहिजे, फोटो निघाला पाहिजे. चीज कमी घातलं की परत येत नाही. मग आम्हीही घालायला लागलो. दोष एकट्या हॉटेलवाल्याचा नाही हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

पण विचारणाऱ्याला खरं सांगतो. नाचोज बहुतेक ठिकाणी पाकिटातून येतात, पाम तेलात तळलेले. स्वस्त ठिकाणी "चीज" म्हणून जे वितळतं ते बऱ्याचदा वनस्पती तेलाचं ॲनालॉग, म्हणजे नकली चीज असतं. सावर क्रीमच्या नावाखाली मेयोनीज येतं, आणि मेयोनीज शंभर ग्रॅमला ७०० च्या आसपास जातं. चक्क्याचं दही फेटून लिंबू पिळलं तर तीच आंबट चव येते, खर्चही कमी. आमच्याकडे कुणी मागितलं तर आम्ही हेच देतो. मागणारे महिन्यात चार-पाच असतात, एवढंच.

काय विचारायचं ते लिहून ठेवा. पोळी मक्याची की मैद्याची? मक्याची म्हणाले तरी निम्मा मैदा आहे का? पोळी भाजलेली की तळलेली? राजमा इथं शिजवता का? क्रीम की मेयो? सॉस वरून ओतू नका, बाजूला द्या. आम्हाला राग येत नाही. गर्दीच्या वेळी वेळ लागतो, म्हणून सातच्या आधी या.

पार्कचौक | सोमवार, संध्याकाळी ६.५०

कॅफेवाले दादा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, मनापासून आभार. पण यातच माझा मुद्दा आला. पाच प्रश्न विचारून, सातच्या आधी जाऊन, सॉस बाजूला ठेवून जे उरतं ते वाढदिवसाचं जेवण राहतं का? आणि ताई, एक विचारतो. तो मीटर कुठं काढलात? घरी की सगळ्यांसमोर?

जुळेकरीण | सोमवार, संध्याकाळी ७.१०

घरीच. पण हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. आकडा मी मोठ्यानं वाचला. भाऊ लगेच बोलला. बाबा काही न बोलता आत गेले. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते पहिल्यांदा खटकलं.

मालदांडी | सोमवार, रात्री ८.३०

मंगळवेढ्याकडचा शेतकरी आहे. आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रब्बीची मालदांडी काळ्या रानात ओलीवर येते, याचा मला अभिमान आहे. पण शेंगाचटणी काकूंनी भाकरीच्या ताटापेक्षा पौष्टिक काही दाखवा असं लिहिलं, त्यावर बोलायचंय, कारण नुसत्या ज्वारीवर जगलेली माणसं माझ्या आज्यानं बघितली होती.

पेलाग्रा नावाचा रोग आहे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, डोकं चालेनासं होतं. बी-३ जीवनसत्त्व कमी पडलं की होतो. अमेरिकेतून मका युरोपात गेला, तिथल्या गरिबांनी तो नुसता दळून खाल्ला आणि त्यांना पेलाग्रा झाला. मेक्सिकोत मात्र हजारो वर्षं मका खाऊनही असं झालं नाही, कारण ते मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, धुऊन साल काढतात आणि मगच पाट्यावर वाटतात. चुन्यानं ते जीवनसत्त्व सुटं होतं आणि अंगाला लागतं. कॅल्शियम वाढतं ते वेगळं. असा तयार केलेल्या मक्याला निक्स्टमल म्हणतात.

आणि आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा दिसला होता. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी, गोपालन आणि श्रीकांतिया यांनी, १९६० साली त्यावर लिहिलं. ज्वारीत ल्युसिन नावाचा प्रथिनातला घटक जास्त असतो, त्यानं हे होत असावं अशी त्यांची मांडणी होती. म्हणून आमच्या आईनं भाकरीबरोबर डाळ, पेंडपाला, दही, शेंगा कधी सोडलं नाही. भाकरी एकटी पुरत नाही. मेक्सिकोचा मकाही घेवड्याशिवाय पुरत नाही. दोन्हीकडच्या बायांनी हे पोटाच्या अनुभवानं ओळखलं होतं.

हॉटेलात पाकिटातलं पीठ असेल तर ते चुन्यात शिजवलेल्या मक्याचं आहे का, हेही विचारा. बाजारातल्या साध्या मक्याच्या पिठाची पोळी तशी लाटता येत नाही, तुटते. म्हणूनच त्यात मैदा घालतात.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ८.४८

भाऊ, हे मला माहीत नव्हतं. आमची आजी सांगायची, दुष्काळात नुसती भाकरी आणि मिठाचं पाणी खाऊन माणसं वाळली. का ते आता कळलं. तरी माझं म्हणणं कायम आहे. डाळ-भाकरी घरात असताना बाहेर जाऊन तेच दुसऱ्या नावानं खायचं मला पटत नाही.

पूर्वभाग | सोमवार, रात्री ९.१५

माझे वडील यंत्रमागावर बारा तास उभे राहायचे. त्यांना पाच भाकरी पचायच्या. मी त्याच घरात राहतो, दिवसभर संगणकासमोर बसतो, आणि तीन भाकरी खातो. पस्तिशीत मला साखर निघाली. म्हणून मेक्सिकन की सोलापुरी या भांडणात मला रस नाही. किती खातो, हे कुणी बोलायचं?

आणखी एक. या विषयावर सगळीकडे अव्होकाडो, अव्होकाडो करतात. एका फळाच्या किमतीत आमच्या घरी आठवड्याची भाजी येते. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

ताट_आणि_तपासणी | सोमवार, रात्री ९.४०

अव्होकाडोत चांगलं तेल आणि चोथा भरपूर असतो, पण तेच हवं म्हणून कर्ज काढायची गरज नाही. शेंगदाण्यातलं निम्मं तेल त्याच जातीचं असतं. चोथा उसळीतून, गवारीतून, पेरूतून मिळतो. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक पेरू, काम झालं.

किती खायचं त्यावर : ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग उसळ-डाळ-मांस, उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. तुमच्या तीनच्या दोन भाकऱ्या करा आणि उसळ दुप्पट. हेच मापन टाकोलाही लागू आहे.

टेक्सासातला_सोलापूरकर | मंगळवार, सकाळी ६.५०

कडक भाकरीचे तुकडे करून त्यावर राजमा, कांदा-टोमॅटो, कोथिंबीर, फेटलेला चक्का आणि किसलेलं थोडंच चीज. मी इथं पाहुण्यांना हेच देतो. येताना आईकडून कडक भाकरीची चवड बांधून आणतो. तेल नाही, तव्यावर वाळवून भाजलेली, आणि महिनाभर टिकते. मेक्सिकोत भाजून कडक केलेल्या पोळीला तोस्तादा म्हणतात. माझी वाहाकाची शेजारीण हे खाऊन म्हणाली, हे तर आमचंच आहे.

राजमा मात्र आठ तास भिजवून, पाणी फेकून, खळखळून उकळलाच पाहिजे. कच्चट राहिला तर उलट्या होतात.

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ८.२०

कडक भाकरीवर चीज नको हो. चक्का पुरे. चीज घातलं की भाकरी मऊ पडते, मग कडक केली कशाला?

जुळेकरीण | पुढचा रविवार, रात्री १०.००

आज परत गेलो. साडेसहाला पोचलो, गर्दी नव्हती. गोळी तिथं बसल्यावर, ताट येताना घेतली, डॉक्टरांना विचारून. मी प्रश्न विचारले. पोळीत निम्मा मैदा निघाला, त्यांनी स्वतःहून सांगितलं. म्हणून पोळी सोडून राजमा-चिकनचा बाऊल घेतला, भात निम्मा, साल्सा दोन वाट्या. क्रीमऐवजी दही होतं. लेकीनं तिचे नाचोज मागवले, त्यातले बाबांनी चार खाल्ले, साल्सात बुडवून. मग सिद्धेश्वर तलावाजवळ गाडी लावून वीस मिनिटं चाललो.

दोन तासांनी १७१. मोजला बाबांनी, त्यांच्या खोलीत. मला नंतर सांगितला.

भाऊ अजून म्हणतो, एवढा खटाटोप करण्यापेक्षा घरी बसा. त्याचं त्याच्यापाशी.

पार्कचौक | पुढचा रविवार, रात्री १०.१२

१७१ वाचून बरं वाटलं ताई. पण त्यांना विचारलंत का, त्यांना स्वतःला काय हवं होतं?

जुळेकरीण | पुढचा रविवार, रात्री १०.२०

विचारलं दादा, या वेळी निघण्याआधीच विचारलं. म्हणाले, "नातीच्या आईस्क्रीममधला एक चमचा मला पाहिजे, आणि तो घेताना कुणी माझ्याकडे बघायचं नाही." एक चमचा घेतला. आम्ही सगळे तेवढा वेळ रस्त्याकडे बघत होतो.